जागा ठेवलेला फोन

जेउकची आई आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत जिनसेंगची भजी होती, कागदात गुंडाळलेली, अजून कोमट. दुसरीत तिच्या मुलाचा फोन होता आणि त्याला वायरीनं जोडलेली पॉवर बँक. गुमसानच्या बाजारात ती जिनसेंगची मुळं विकते. तिथून आमच्या देजॉन शहरापर्यंत बसमध्ये तिनं भजी पायाशी ठेवली होती आणि ही दुसरी पिशवी मांडीवर.

"तो गेल्यापासून हा एकदाही बंद पडू दिला नाही मी," ती म्हणाली. "झोपेतून उठून बघते, चार्जिंग चालू आहे ना म्हणून."

जेउक आमच्याकडे पीएच.डी. करत होता. वसंत संपता संपता, नदीकाठच्या रस्त्यानं सायकलवरून येताना, पुलाच्या वळणावर एका टेम्पोनं त्याला उडवलं. फोन खिशात होता. त्याच्या काचेवर ओरखडासुद्धा उमटला नव्हता. बोलता बोलता ती तो पुन्हा पुन्हा उन्हाकडे धरून आम्हाला दाखवत होती, जणू त्यात काही चूक आहे आणि ती आम्ही शोधून द्यावी.

खोलीत तेव्हा आम्ही तिघंच होतो. ज्यांची ही प्रयोगशाळा ते प्राध्यापक मेंग, जेउकच्या मागून आलेली, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बोमी, आणि मी. मी निवृत्त माणूस. माझा जन्म मोबाइलच्या नियमांचे जाडजूड ग्रंथ वाचण्यात आणि त्यातल्या चुका काढण्यात गेला. मेंग सरांनी त्यासाठीच मला बोलावून घेतलं. मुलं मोडेमची परीक्षा घेतात, आणि मोडेमनं खरं म्हणजे कसं वागायला हवं होतं ते कुठल्या पानावर आहे, हे मी शोधून देतो. हे कुणालाही जमेल असं मला नेहमी वाटतं. फक्त कुणाला बसून वाचायचं नसतं.

फोनमध्ये टॉवरशी बोलणारा एक वेगळा भाग असतो, तो मोडेम. तो फार विश्वासू असतो. टॉवर सांगेल ते खरं मानतो. आम्ही तांब्याच्या जाळीनं मढवलेल्या खोलीत एक खोटा टॉवर उभा करतो आणि त्याच्या तोंडून मोडेमला वेडेवाकडे निरोप पाठवतो. अर्धवट निरोप, उलटसुलट निरोप, नको त्या वेळचे निरोप. चांगल्या मोडेमनं ते फेकून द्यावेत. काही मोडेम फेकत नाहीत, गिळतात. तिथं भोक आहे असं समजायचं, कंपनीला गुपचूप कळवायचं, आणि कंपनी ते बुजवेपर्यंत तोंड मिटून बसायचं.

जेउक माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, "सर, ऐकावं असं सगळीकडे लिहिलंय. दुर्लक्ष करावं असं कुठं लिहिलंय?" बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसायचं. मग तो खूश व्हायचा. म्हणायचा, "म्हणजे इथंच खणायचं." असंच खणता खणता त्याला एक मोठं भोक सापडलं. त्यातून मोडेमच्या आत आणि तिथून थेट फोनच्या मेमरीपर्यंत जाता येत होतं. ज्या जातीच्या मोडेममध्ये ते सापडलं, त्याच जातीचा मोडेम त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये होता. कंपनीला त्यानं लगेच कळवलं. दुरुस्ती येण्याआधी तो गेला.

"आई, आधी बसा," मेंग सर म्हणाले.

"बसायला नाही आले. हा उघडून द्या."

"दुकानात दाखवलात?"

"सगळ्या दुकानांत दाखवला. ती पोरं म्हणतात, उघडतो, पण आतलं सगळं पुसून. मग त्या रिकाम्या डब्यात मी काय मुळ्याचं लोणचं घालू?" तिनं फोन टेबलावर ठेवला, पण हात वरून काढला नाही. "जेउक मला सांगायचा, आई, आम्ही हवेतून फोन उघडतो. मी म्हणायची, मेल्या, चोरांचं काम करतोस होय? तर म्हणायचा, चोरांचंच, पण चोरांच्या आधी."

बोमीला हसू आलं. मग तिनं घाईघाईनं भज्यांचा कागद सोडायला घेतला.

"आत काय हवंय तुम्हाला, ताई?" मी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. जेउकच्या फोनमध्ये, आपल्याकडे पुष्कळांच्या असतं तसं, आलेलं-गेलेलं प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जायचं. तो गेला त्या दिवशी सकाळी त्यानं आईला फोन केला होता. बाजाराचा दिवस होता. सोलहून गाडी करून आलेली गिऱ्हाइकं समोर उभी, तराजूत मुळं, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये.

"तो काहीतरी सांगत होता. बराच वेळ सांगत होता हो. मी हो-हो करत होते आणि इकडे मुळं मोजत होते. शेवटी म्हटलं, हो रे बाबा, ठेव आता. तो हसला आणि ठेवला. काय सांगत होता ते मी ऐकलंच नाही. माझा फोन जुना, झाकणाचा, त्यात काही राहत नाही. त्याच्यात आहे."

मग मेंग सरांनी चष्मा काढला. ते नाही म्हणणार असले की चष्मा काढतात.

"आई, आमचा पहिला नियम आहे. या खोलीत जे सापडतं ते आमच्याच फोनांवर वापरायचं. दुसऱ्याच्या फोनवर नाही. जेउकही हाच नियम नव्या मुलांना शिकवायचा."

"दुसऱ्याचा कुठं आहे? त्याचाच तर आहे."

"तेच म्हणतोय मी. त्याची परवानगी..."

"तो गेलाय, सर. त्याला शेवटचे कपडे चढवत होते तेव्हा मी तिथं उभी होते. माझ्यापुढं परवानगीचं काढू नका."

मेंग सरांनी चष्मा परत घातला. काचा पुसायचं विसरले. "विद्यापीठाच्या वकिलांना विचारतो," ते म्हणाले. "तुम्ही वारस आहात, तुमची सही लागेल. त्यांनी हो म्हटलं तर सोमवारी करू. जेउकनं शोधलेली वाट आहे, वेळ लागणार नाही."

"सर!" बोमी एकदम ओरडली. "वायफाय!"

ती फोनकडे बोट दाखवत होती. कुलूपबंद पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली होती. जेउकचा फोन इमारतीत शिरला आणि रोजच्या सवयीनं आमच्या वायफायला जाऊन चिकटला.

यात घाबरण्यासारखं काय, ते जेउकच्या आईला कळेना, म्हणून मी सांगितलं. कंपनीची दुरुस्ती कोणत्याही दिवशी येणार होती. ती आली तर फोन ती आपणहून उतरवून घेईल आणि बंद होऊन पुन्हा सुरू होईल. भोक बुजेल ते बुजेलच. पण नुसतं बंद होणंही तितकंच वाईट. चालू असलेल्या, एकदा उघडलेल्या फोनची किल्ली आत मेमरीत पडून असते. भोकातून आम्हाला तीच उचलायची होती. फोन बंद पडला की किल्ली पुसली जाते, आणि मग मालकानं स्वतः पडद्यावरचं कुलूप उघडल्याशिवाय ती परत तयार होत नाही.

"म्हणजे मी जागा ठेवला ते बरं केलं?"

"बरं काय, ताई, तेवढंच तर करायला हवं होतं."

पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल पडला.

वायफाय बंद करायचं तरी आधी कुलूप उघडायला हवं. तेव्हा एकच उपाय होता. बोमीनं फोन उचलला, पॉवर बँक उपटली आणि आतल्या खोलीत धावली. तिथं आमची परीक्षेची पेटी आहे, जाड पत्र्याची, दाराच्या कडेला पितळी पट्ट्या लावलेली. तिच्यात ना टॉवरची लहर शिरते ना वायफायची. बोमीनं फोन आत ठेवला, आत लोंबणारी वायर त्याला खुपसली, दार लावून दोन्ही खिट्ट्या आवळल्या.

"झालं, काकू. आता याला कुणी हात लावू शकत नाही. हवासुद्धा नाही."

जेउकची आई पेटीभोवती फिरून आली. "श्वास घ्यायला जागा आहे ना गं?"

"श्वास नाही घेत तो."

"खायला?"

"वायर लावलीय ना."

मग आम्ही भजी खाल्ली. बोमी पुरे म्हणाली की जेउकची आई म्हणायची, "हाडं दिसतायत तुझी, खा." मेंग सरांनी कागदावर तिची सही घेतली. मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत तिनं मला विचारलं, "उघडेल ना, प्यो सर? तुम्ही वयानं मोठे आहात, खरं सांगा." माझ्या शब्दावर कुणी विसंबावं असं मला कधी वाटत नाही, पण तिथं, बस समोर येत असताना, मी म्हणालो, "उघडेल."

सोमवारी वकिलांचा होकार आला. मेंग सर जिन्यात गुणगुणताना ऐकू आले, हे क्वचित घडतं. बोमीनं खोटा टॉवर सुरू केला, जेउकनं लिहिलेला निरोपांचा संच तयार ठेवला. मग तिनं पेटीच्या खिट्ट्या सैल केल्या.

फोनचा पडदा काळा होता. तिनं बाजूचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ती वायरीकडे बघत राहिली.

त्या पेटीतल्या सगळ्या वायरींतून फक्त माहिती जाते, वीज जात नाही. मोडेम किती वीज खातो ते आम्हाला मोजायचं असतं, म्हणून आम्हीच त्यांच्यातली विजेची लाल तार कापून ठेवतो. परीक्षेचे फोन मागून उघडलेले असतात, त्यांना टेबलावरच्या यंत्रातून थेट वीज मिळते. कापलेली तार सगळ्यांना ठाऊक. पण त्या पेटीत चार्जिंग करायची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती. बोमीनं इतकी वर्षं रोज जे केलं तेच त्या दिवशी केलं: फोन आत, वायर आत, दार बंद.

ती जमिनीवर बसली. मेंग सर आले, त्यांनी पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "चार्जरला लाव." थोड्या वेळानं फोन सुरू झाला. नऊ ठिपके दिसले, आणि खाली ओळ: फोन सुरू झाला आहे, नमुना काढा. ठिपके कसे जोडायचे, जेउकचा नमुना कुठला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंग सरांनी तरीही जेउकच्या भोकातून आत जाऊन पाहिलं. वाट उघडी होती. पण आत किल्ली नव्हती.

"मी सांगतो त्यांना," मेंग सर म्हणाले.

"नाही," बोमी म्हणाली. "मी."

जेउकची आई दुपारी आली. केस नव्यानं कुरळे करून आली होती. दारातच म्हणाली, "हसू नका हं. पार्लरवालीनं विचारलं, कुणाचं लग्न? मी म्हटलं, मुलाशी बोलायचंय." मग तिनं आमची तोंडं पाहिली.

"काकू," बोमी म्हणाली, "फोन बंद पडला. माझ्यामुळं."

"बंद पडला म्हणजे? लाव की चार्जिंगला."

"लावलाय. सुरू झालाय. पण आतली किल्ली गेली."

"तू वायर लावली होतीस ना? मी बघितली."

"त्या वायरीतून वीज येत नाही. आम्हीच कापून ठेवतो. मला ठाऊक होतं, काकू. रोज तीच पेटी, मला ठाऊक होतं..."

जेउकची आई खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, परत लावली. "घरी तर वायर काढली तरी दोन दोन दिवस टिकायचा," ती शेवटी म्हणाली. बोमीला नाही, मला.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला माहीत होतं तेच मी बोललो. "पेटीत टॉवर ऐकू येत नाही ना, ताई. टॉवर सापडला नाही की मोडेम झोपत नाही. एका लहरीवर कान लावतो, काही नाही, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, पुन्हा पहिल्यापासून. त्यातच सगळी शक्ती जाते."

"म्हणजे आत बसून ऐकत होता."

"हो."

"आणि काही ऐकू येत नव्हतं."

मी मान हलवली. अशा वेळी खरं बोलायचं की गप्प बसायचं, हे मला या वयातही कळलेलं नाही. मेंग सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"माझ्याकडे इतके दिवस जागा राहिला," ती म्हणाली. तेवढंच. मग तिनं हात पुढं केला. "द्या इकडे."

बोमीनं फोन दिला. ती ठिपक्यांकडे बघत राहिली. "जेवताना घेऊन बसायचा. बोट असं खाली जायचं, आणि मग..." तिनं डोळे मिटून अंगठा हवेत फिरवला. मग पडद्यावर फिरवला. चुकला. आणखी एकदा, वेगळ्या बाजूनं. चुकला. असं करता करता फोन म्हणाला, आता थोडं थांबा.

"हे काय?"

"चुकलं की थांबायला लावतो," बोमी म्हणाली. "पुसलं जाणार नाही, ते मी बघून घेतलंय. पण जितक्या चुका तितकं जास्त थांबायचं."

"किती थांबवेल?"

"पुढं पुढं एका वेळेला एक दिवस."

"बरं," जेउकची आई म्हणाली. "थांबू." तिनं फोन पर्समध्ये ठेवला, पॉवर बँक मागून घेतली. दारापाशी ती वळली आणि बोमीला म्हणाली, "जेवलीस का?" बोमीनं खोटंच हो म्हटलं.

पाऊसकाळ सरल्यावर कंपनीची दुरुस्ती आली. सगळ्यांचे फोन एकेक करून बंद होऊन सुरू झाले, माझाही. दुरुस्तीच्या निवेदनात खाली आभार मानले होते, त्यात जेउकचं नाव होतं. मेंग सरांनी ते छापून घेतलं, आणि बोमी आणि मी ते द्यायला गुमसानला गेलो.

बाजाराचा दिवस होता. सगळ्या गल्लीला ओल्या मातीचा आणि मुळांचा कडवट वास होता. जेउकच्या आईनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला, नाव वाचलं, आणि घडी न घालता पाठीमागच्या फळीवर, पाणी उडणार नाही असा ठेवला. आम्हाला बसायला उलटी क्रेट दिली, जवाचा चहा दिला. मग घड्याळाकडे बघितलं.

"वेळ झाली," ती म्हणाली आणि तराजूमागून फोन काढला. तिनं अंगठ्याची माती ॲप्रनला पुसली.

बोमीनं चटकन मान फिरवली आणि शेजारच्या मुळांच्या ढिगाकडे बघू लागली. मीही दुसरीकडे बघितलं.

"तिकडे काय आहे?" जेउकची आई म्हणाली.

"सवय आहे, काकू. आमच्यात कुणी फोन उघडायला लागलं की बाकीचे बघत नाहीत."

"जेउक उघडायचा तेव्हाही?"

"तेव्हाही."

"शेजारी बसायचीस ना तू?"

"रोज," बोमी म्हणाली. तिची मान अजून तिकडेच होती. "रोज, काकू. एकदा जरी बघितलं असतं तरी..."

जेउकच्या आईच्या हातात फोन तसाच होता. समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यानं भाव विचारला, उत्तर मिळालं नाही म्हणून पुढं गेलं.

"इकडे बघ," ती म्हणाली. "आता बघ. काल आडवा काढला होता, परवा खालून. आज कुठून काढू, तू सांग."

बोमीनं डोळे पुसले आणि पडद्यावर वाकली. "वरच्या डाव्या कोपऱ्यातून," ती म्हणाली. "डावखुरा होता ना तो."

अंगठा डाव्या कोपऱ्यातून निघाला, खाली गेला, वळला. फोन म्हणाला, नमुना चुकीचा आहे, उद्या प्रयत्न करा. जेउकच्या आईनं तो तराजूमागं चार्जरला लावला, वायर नीट बसली आहे ना ते दोनदा बघितलं, आणि समोर नव्यानं आलेल्या बाईला विचारलं, "मुळं सूपमध्ये घालायला हवीत, की दारूत?"